चिनी मातीची इंग्रजी दौत

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी शाळेत सरस्वतीपूजनाची तयारी चालली होती. जुने कपाट आवरीत असता इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्यास तळाच्या खणात एक पांढरी, वाटोळी, हाताच्या मुठीत मावेल एवढी वाटी सापडली. तिला वरच्या बाजूस आत वळलेला काठ होता आणि मध्ये छिद्र होते. "सर, ही पणती आहे का?" असे त्याने विचारले. दुसऱ्याने ती औषधाची वाटी ठरविली. आम्ही त्यांस वर्गातील एका जुन्या बाकाजवळ नेले आणि बाकाच्या वरच्या फळीत उजव्या अंगास असलेल्या गोल भोकात ती वाटी ठेवून दाखविली. ती तेथे अगदी नेमकी बसली. ज्या भोकात पिढ्यान्‌पिढ्या मुले कागदाचे बोळे कोंबीत आली, ते भोक दौतीचे होते, हे त्या दिवशी सर्वांस कळले.

दौतीस काठापाशी एक टवका उडालेला होता आणि बुडाकडे केसाएवढी बारीक चीर गेलेली होती. ज्याला ती सापडली तोच म्हणाला, "फुटकीच आहे, टाकून देऊ या." त्या वेळी आम्ही एवढेच म्हणालो की, टाकण्यापूर्वी ती नीट पाहू या. वस्तू कशी पाहावी आणि तिच्या अवस्थेवरून काय काय वाचता येते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. शाळेच्या दौतीवर कोणत्याही कारखान्याची खूण नाही. म्हणून तिच्याविषयी फार सांगता येत नाही. परंतु ज्या घराण्यातील ती आहे, त्या इंग्रजी चिनी मातीच्या लेखनसाहित्याचा इतिहास चांगला ज्ञात आहे. तेव्हा तेथूनच आरंभ करू.

आपल्याकडे पूर्वी लिहिणाऱ्या माणसाजवळ कलमदान असे. त्यात बोरू, दौत, चाकू आणि वाळूची डबी राहत असे. इंग्रजांच्या मेजावरील सरंजामही तत्त्वतः हाच होता. एका लांबट तबकात मध्यभागी शाईची दौत, तिच्या एका बाजूस वाळूदाणी किंवा भुकटीची डबी, कधी लाख वितळविण्यासाठी लहानशा मेणबत्तीचे घर आणि पुढे लेखणी ठेवण्याची खोलगट पन्हळ असे. भुकटी दोन कामांसाठी लागे. लिहिण्यापूर्वी खरखरीत कागदावर ती चोळली म्हणजे शाई फुटत नसे. आणि लिहून झाल्यावर ओल्या अक्षरांवर वाळू शिंपडली म्हणजे ती लवकर सुकत. या भुकटीत कधी झाडाच्या राळेची पूड असे, तर कधी समुद्रफेणाची. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांनी समुद्रफेणाचे पांढरे, हलके तुकडे वाळूत वेचलेले असतात. तोच पदार्थ विलायतेतील लेखकाच्या मेजावर जाऊन बसला होता, हे वाचून आम्हांस प्रथम मोठी गंमत वाटली.

आता हे सारे चिनी मातीचे का करीत? याचे कारण शाईत आहे. आपली जुनी काळी शाई काजळ आणि डिंक यांची. ती सौम्य असे. युरोपातील शाई मायफळ आणि हिराकस यांच्यापासून होई. ती आंबट असल्यामुळे धातूस खाई. चांगली भाजलेली चिनी माती मात्र शाई शोषीत नाही, आंबट पदार्थास सहसा दाद देत नाही आणि पाण्याने स्वच्छ होते. शिवाय तिच्यावर रंग व सोने खुलून दिसते. उपयोग आणि शोभा हे दोन्ही हेतू तिने साधत.

'चिनी माती' या आपल्या शब्दातच तिचे माहेर सांगितलेले आहे. इंग्रजीतही तिला 'चायना' हेच नाव पडले. आमच्या कोकणी घरांत चिनी मातीच्या बशीस 'पिंगाण' म्हणतात; गोव्याच्या किनाऱ्यास चीनहून आलेला हा माल शतकानुशतके परिचयाचा होता. युरोपास मात्र तिच्या कृतीचे रहस्य कळण्यास फार काळ लागला. जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली पहिला खरा कारखाना निघाला. इंग्लंडमध्ये १७४० नंतरच्या दशकात चेल्सी व बो येथे कारखाने सुरू झाले. लंडनच्या पूर्वेस असलेल्या बो येथील कारखानदारांनी आपल्या कारखान्यास 'न्यू कँटन' असे नाव घेतले. चीनच्या ज्या बंदरातून हा माल युरोपास जाई, त्या कँटनची बरोबरी करण्याची ही आकांक्षा होती. आणि विशेष हे की, या कारखान्याच्या ज्या अगदी प्रारंभीच्या, सालाची नोंद असलेल्या वस्तू आज उपलब्ध आहेत, त्यांत दौती आहेत! डमरूच्या अर्ध्या भागासारख्या त्या बुटक्या दौतींवर 'न्यू कँटन येथे केली, १७५०' अशा अर्थाची अक्षरे रंगविलेली आहेत. मध्ये शाईचे भोक आणि सभोवार पिसांच्या लेखण्या खोचण्याची लहान भोके आहेत.

प्रत्येक कारखान्याची माती निराळी होती. बो येथे मातीत हाडांची राख मिसळीत. वूस्टर येथे १७५१ साली निघालेल्या कारखान्यात शंखजिरे घालीत. त्यामुळे तेथील भांडी कढत पाण्याने तडकत नसत. विल्यम कुकवर्दी या गृहस्थाने कॉर्नवॉल परगण्यात खरी केओलिन माती शोधून काढली आणि १७६८ साली चिनी पद्धतीच्या कठीण मातीचे विशेषाधिकार मिळविले. पुढे १७९० ते १८०० च्या दरम्यान स्टोक येथील स्पोड घराण्याने सुमारे निम्मी हाडांची राख आणि उरलेल्या भागात केओलिन व एक प्रकारचा दगड असे मिश्रण स्थिर केले. यालाच 'बोन चायना' म्हणतात. पांढरी शुभ्र, पातळ, तरी चिवट अशी ही माती पुढे इंग्लंडची ओळखच ठरली. मिंटन, डर्बी, कोलपोर्ट, रॉकिंगहॅम या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुलापानांनी व सोन्याने मढविलेली दौतींची तबके केली, ती याच मातीची.

अशा वस्तूचा काळ तिच्या आकारावरूनही ओळखता येतो. सभोवार भोके असतील तर ती पिसाच्या लेखणीच्या काळातील समजावी. १८२० नंतर बर्मिंगहॅम येथे पोलादी निबे यंत्राने विपुल होऊ लागली; मग भोकांची जागा पन्हळीने घेतली. टीपकागद सर्रास झाला तशी वाळूदाणी तबकातून नाहीशी झाली. १८४० साली चिकटविण्याचे टपाल तिकीट आले, पुढे डिंक लावलेले लिफाफे आले. लाखेचे व मेणबत्तीचे काम संपले. १८८४ साली वॉटरमन यांनी आपल्या झरणीचे विशेषाधिकार घेतले, म्हणजे शाई लेखणीच्या पोटातच गेली. १९३८ साली बिरो यांनी बॉलपेनचे विशेषाधिकार घेतले. त्यानंतर दौतीस मेजावर जागाच उरली नाही. तबकातील एकेक भाग कमी होत गेला, तो असा. ज्याला हा क्रम ठाऊक आहे, त्यास दौत हातात घेताच तिचे वय अदमासाने सांगता येते.

आता अवस्थेकडे वळू. जुनी वस्तू पाहताना तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात: जन्मतःचा दोष, वापराची झीज आणि अपघाताची इजा.

भट्टीत भाजताना माती आकसते. त्या वेळी कधी लहान चीर पडते, कोठे झिलई पोहोचत नाही, कोठे काळा ठिपका राहतो. झिलई म्हणजे मातीवरचा काचेसारखा लेप. भट्टीतील चिरेच्या कडा बहुधा झिलईने गुळगुळीत झालेल्या असतात. नखाने चाचपले असता ती बोचत नाही. हा जन्मतःचा दोष होय. त्याने वस्तूस कमीपणा फारसा येत नाही. उलट तो तिच्या हस्तनिर्मितीची खूण असतो.

वापराची झीज निराळी. तबकाच्या पन्हळीत लेखणी घासून सोने पुसट होते, बुडाची कड मेजावर सरकून खरबरीत होते, दौतीच्या आत शाईची काळसर छटा राहते. ही झीज जेथे व्हावयास हवी तेथेच झालेली असते. दोनशे वर्षे वापरलेल्या म्हणून सांगितलेल्या दौतीत शाईचा लेशही नसेल आणि बूड नव्यासारखे असेल, तर मनात शंका यावी.

तिसरी इजा. काठाचा टवका उडणे, आरपार तडा जाणे, केसाएवढी चीर पडणे, झाकणाची बोंडी तुटणे. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात, त्याचे कारण असे की माती आणि झिलई निवताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. या रेषांतून शाई आत झिरपली की डाग कायमचा बसतो. आणखी एक उणीव वरवर दिसत नाही: मूळचे झाकण किंवा आतील शाईपात्र हरवून दुसऱ्याच दौतीचे बसविलेले असते. झाकण डगमगत असेल किंवा त्यावरील फुलांचा हात निराळा वाटत असेल, तर ते परके समजावे.

परीक्षा करण्याचे उपाय सोपे आहेत. वस्तू उजेडासमोर धरावी. पातळ मातीतून उजेड पाझरतो व लपलेली चीर काळ्या रेषेप्रमाणे दिसते. तळहातावर तोलून नखाने हलकेच वाजवावी. अखंड असेल तर नाद खणखणीत येतो, तडकलेली असेल तर भद्द येतो. बोटाचे टोक काठावरून फिरवावे. डांबिसपणे भरलेला टवका डोळ्यांस दिसत नाही, पण बोटास तेथील भाग किंचित उबदार व मऊ लागतो. दुकानांत नोटा तपासण्याचा जो जांभळा दिवा असतो, त्याच्या उजेडात अंधाऱ्या खोलीत वस्तू पाहिली तर अलीकडे केलेले जोडकाम व रंगकाम भोवतालच्या झिलईहून निराळे चमकते. शेवटी बूड पाहावे. तेथे 'इंग्लंड' असा शब्द असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची असते. कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या कायद्यान्वये आयात मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. तथापि केवळ खुणेवर विश्वासू नये. पॅरिसमधील सॅमसन यांच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकात इतर कारखान्यांच्या मालाच्या हुबेहूब नकला होत, आणि खुणाही रंगविल्या जात.

इंग्रज लिलाववाल्यांच्या याद्यांत एक सभ्य शब्दप्रयोग आढळतो: 'जशी मिळाली तशी'. जाणत्या गिऱ्हाइकास त्याचा अर्थ कळतो की, वस्तूत खोट आहे, ती आपण शोधून काढावी. याच्या उलट प्रामाणिक यादीत टवका कोठे, किती मोठा, चीर कोणीकडून कोठवर, सोने किती झिजले, कोणता भाग नवा, हे सारे लिहिलेले असते. वस्तू तीच, परंतु पहिल्या यादीत विकणारा गप्प बसतो आणि दुसरीत तो बोलतो.

हे सर्व आम्ही पुस्तकातून शिकलो असे नाही. त्याची एक किंमत आमच्या घराने दिली आहे. आमचे आजो मुंबईत एका व्यापारी पेढीत कारकून होते. १९४७ च्या सुमारास विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी दोन दौतींचे एक चिनी मातीचे तबक घेतले आणि ते गोव्यास आणले. कडेने निळा पट्टा, त्यावर सोन्याची वेलबुट्टी. घरात सर्वजण सांगत की ते दीडशे वर्षांचे आहे. दर दसऱ्यास ते पाटीपुस्तकांबरोबर पूजेत मांडले जाई.

आम्ही दहा वर्षांचे असताना एका दसऱ्यास आजीने पितळेची भांडी घासण्यास दिली. समई, तांब्या, निरांजन चिंचेने व राखेने लखलखीत झाली. तेव्हा आम्हांस वाटले, आजोंचे तबकही असेच उजळून ठेवावे, म्हणजे ते शाबासकी देतील. काथ्याने, राखेने आम्ही ते मन लावून घासले. धुऊन पाहतो तो निळा पट्टा होता, पण वेल नव्हती. सोने झिलईखाली नसते. ते झिलईवर अगदी पातळ थराने चढवून मंद आचेवर पक्के केलेले असते. ते गेले ते गेलेच. आजोंनी तबक हातात घेऊन उजेडाकडे तिरपे धरले. सोने गेले होते तेथे वेलीची पुसट छाया मात्र दिसत होती. ते रागावले नाहीत. "दिसता मरे अजून," एवढेच ते म्हणाले आणि त्या वर्षीही तबक पूजेत मांडले.

पुढे मोठेपणी आम्ही त्या तबकाचे बूड पाहिले. तेथे 'इंग्लंड' हा शब्द होता. म्हणजे घरची दीडशे वर्षांची कथा खरी नव्हती. एका दौतीचे झाकणही मूळचे नव्हते. चुलतभावाने सुचविले की सोन्याचा रंग लावून घेऊ, कोणास कळणार नाही. आम्ही नको म्हटले. वेल पुन्हा रंगविली असती तर तबक अधिक सुंदर दिसले असते, परंतु मग आजोंनी उजेडात पाहिलेली ती छाया झाकली गेली असती. आणि उद्या ते पाहणाऱ्यास आम्ही एक खोटी गोष्ट सांगितली असती.

म्हणून घरोघरच्या मंडळींस थोडी व्यवहाराची सूचना करावीशी वाटते. बालाघाट हे गाव अशा वस्तूंपासून वाटते तितके दूर नाही. १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश मंडळीने मध्यप्रांतातील मँगनीज काढण्याचा उद्योग चालविला. १९६२ साली 'मॉयल' अस्तित्वात येईपर्यंत तो इंग्रजी भांडवलाकडे होता. आपल्या शेजारची भरवेलीची खाण त्याच उद्योगातील. ज्या मँगनीजच्या काळ्या धुळीने खाणकामगारांचे कपडे माखतात, तेच खनिज कुंभाराच्या भट्टीत जांभळा, तपकिरी व काळा रंग देते. रॉकिंगहॅमची प्रसिद्ध तपकिरी झिलई मँगनीजचीच होती. कचेऱ्या, बंगले व शाळा यांतील जुने लेखनसाहित्य कोठे कोणाच्या फडताळात पडून असण्याचा संभव आहे. ते आढळल्यास भंगारात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

वस्तू धरताना झाकणास किंवा कानास धरून उचलू नये. दोन्ही हातांनी बुडास आधार द्यावा. धुवायची असल्यास घमेल्यात जाड पंचा अंथरून कोमट पाणी घ्यावे, साधा सौम्य साबण पुरे. राख, चिंच, काथ्या, तारेचा चोथा आणि कपडे पांढरे करण्याचे द्रव्य यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. ज्या वस्तूस जोड दिलेला आहे ती पाण्यात बुडवू नये. ओल्या कापसाने पुसावी. कढत पाण्यातून थंड पाण्यात घालू नये. तुटल्यास बाजारातील झटपट चिकटणारा डिंक लावू नये, कारण तो पुढे सोडविताना मूळ कड दुखावते; तुकडे एकेक निरनिराळ्या मऊ कागदात गुंडाळून एकाच डब्यात ठेवावेत. जाणता कारागीर असा डिंक वापरतो, की जो पुढेमागे निघू शकेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वस्तू कोणाची, कोठून आली, हे घरातील वडील माणसांस विचारून लिहून ठेवावे; ऐकीव असेल तर 'ऐकीव' असेच लिहावे.

ज्यांस उत्तम नमुने पाहावयाचे असतील त्यांनी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जावे. १९५१ साली उघडलेल्या त्या संग्रहालयात युरोपीय चिनी मातीच्या कामाचा मोठा साठा असून त्यात इंग्लंडच्या कारखान्यांचे नमुनेही आहेत. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कै. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा नित्याच्या वस्तू जन्मभर जमविल्या. ज्या वस्तू लोक अडगळीत टाकीत होते, त्यांतूनच त्यांनी एका समाजाचे घर उभे करून दाखविले. तेथील कित्येक वस्तू झिजलेल्या आहेत, आणि त्यांची झीज पाहूनच त्या कोणाच्या तरी हातातील होत्या हे पटते.

आमच्या शाळेतील दौतीचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. ज्या विद्यार्थ्याने ती टाकून देण्याची सूचना केली होती, त्याच्याच हाती आम्ही ती दिली आणि तिची अवस्था लिहावयास सांगितले. त्याने दोन दिवस घेतले. खिडकीशी उभा राहून त्याने ती उजेडात पाहिली, नखाने वाजविली, पट्टीने टवका मोजला. मग एका जाड कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिले:

"पांढरी दौत. शाळेच्या बाकावरील. कारखाना माहीत नाही. काठास एक टवका, अर्ध्या सेंटीमीटरचा. बुडापासून वर गेलेली एक चीर, दोन सेंटीमीटर. आवाज भद्द येतो. आत शाईचा डाग आहे, तो धुतला तरी जात नाही. कोठेही जोडकाम नाही."

दसऱ्याच्या पूजनात ती दौत त्या कागदासह मांडली होती. शेवटचे वाक्य त्याने आपण होऊन घातले होते.